सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र: मुलांना गेटवर अडवायच्या आधी जरा रॅम्पकडे बघा

मा. चेअरमन, सेक्रेटरी, कमिटी मेंबर्स आणि पेरेंट्स ग्रुपवरची समस्त ताई-दादा-काका-काकू मंडळी,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये जी नोटीस लागली तिच्याबद्दल लिहितेय. ग्रुपवर लिहिलं असतं, पण तिथे काहीही टाकलं की खाली ढीगभर थम्सअप येतात, मग दोन जणांचं जुनं पार्किंगचं भांडण वर येतं आणि मूळ विषय गायब. म्हणून हे असं उघड, सगळ्यांसाठी.

ज्यांनी नोटीस वाचली नाही (बरेच असतील, आपण पाण्याच्या टँकरची सोडून कुठली नोटीस वाचतो!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १४ वर्षांखालच्या मुलाला गेटबाहेर जायचं असेल तर आईबाबांनी ॲपवर अप्रूव्ह करायचं, तोवर गार्ड सोडणार नाही. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत, सायकल बंद. संध्याकाळी सातनंतर खाली खेळायचं तर सोबत मोठं माणूस पाहिजेच. आणि दहा वर्षांखालच्यांनी लिफ्टमध्ये एकटं जायचं नाही.

लिफ्टचं मला पटतं. दहा जरा जास्त होतं, सहा-सात पुरे, पण त्यावर मी भांडणार नाही. बाकी तिन्ही नियमांना माझा विरोध आहे.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये. माझी लेक दहा वर्षांची आहे, ती खाली गेली की माझाही एक कान खिडकीकडे असतो. पण ही नोटीस आली कशामुळे ते आठवा. एक व्हॉइस नोट. काळ्या काचांची व्हॅन, आपल्याच एरियात, दोन मुलं उचलली, पोलीस दाबतायत, प्लीज जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा. बोलणारी बाई कोण, कुठली सोसायटी, कुठली शाळा, काही नाही. चौकीत फोन करून कोणी विचारलं का? मी विचारलं, तशी एकही तक्रार त्यांच्याकडे नव्हती. ते मी ग्रुपवर टाकलं तर उत्तर आलं, "असेल, पण काळजी घेतलेली बरी." आणि दोन दिवसांत नियम तयार.

ही व्हॉइस नोट नवीन नाहीये हो. गावाचं नाव बदलून तीच वर्षानुवर्षं फिरतेय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागायला तिथे उतरले होते. मुलं पळवणारी टोळी आलीय अशा मेसेजनी आधीच सगळा भाग तापलेला. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडून मारून टाकलं. मुलं पळवणारं कोणी नव्हतंच. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ तर कराचीतली जनजागृतीची फिल्म निघाली, मुलांवर लक्ष ठेवा असं पालकांना सांगणारी, जिच्यात शेवटी मूल परत आणून सोडतात, तो शेवट कापून पसरवलेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपला भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घालावी लागली. आपण शिकले-सवरलेले लोक, आपण कोणाला मारायला जाणार नाही हे खरंय, पण त्याच अफवेवर आपण नियम केला, आणि त्याची शिक्षा पोरांना.

आता खरा धोका कुठे आहे तेही बोलू. एनसीआरबीचे, म्हणजे सरकारच्या गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी येतात, पॉक्सोखालच्या, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालच्या बलात्काराच्या केसेसमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. घरातला, नात्यातला, शेजारचा, शिकवणारा. म्हणजे ज्याला आपण स्वतः ॲपवर "अलाऊ" करतो तो. गेटवरच्या अप्रूव्हलने यातलं काय थांबणार आहे? त्यासाठी मुलाशी बोलावं लागतं, नकोसा स्पर्श म्हणजे काय, कोणीही "आईला सांगू नको" म्हणाला की पहिलं आईलाच सांगायचं, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे, हे सगळं. तो विषय निघाला की ग्रुपवर शांतता पसरते, पण व्हॅन म्हटलं की सगळे टायपिंग.

आणि दुसरं, गाड्या. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारचाच आकडा आहे. त्यात अठराच्या आतली मुलं साडेनऊ हजारांच्या आसपास. रोजची पंचवीसच्या वर होतात. या मुलांसाठी कोणी व्हॉइस नोट पाठवत नाही, कारण त्यात व्हिलन काळ्या काचांच्या व्हॅनमधला अनोळखी माणूस नसतो, ऑफिसला उशीर झालेला आपल्यासारखाच कोणीतरी असतो.

आपल्याच बेसमेंटचा रॅम्प बघा. वळणावर आरसा नाही, वर येताना समोरचं दिसत नाही, आणि नेमकं जिथे गाडी बाहेर पडते तिथेच पोडियमवरून मुलं उतरतात. सकाळी आठ ते नऊ आपण सगळे तिथून कसे गाड्या काढतो ते गार्डला विचारा. डिलिव्हरीवाल्यांच्या बाईक वेगळ्याच. स्पीडब्रेकरसाठी दोन वर्षांपूर्वी अर्ज दिलाय, त्यावर उत्तर आलं की मोठ्या गाड्यांचा खालचा भाग घासतो. मुलांच्या सायकली मात्र एका नोटिशीत बंद! म्हणजे गाडी आणि मूल एकमेकांसमोर आले तर हटायचं मुलाने, असं आपण ठरवून टाकलं आणि त्याला नाव दिलं चाइल्ड सेफ्टी.

हे आधी कुठे झालं नाही असं नाही. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन नावाच्या संशोधकाने मुलं शाळेत कशी जातात ते मोजलं होतं. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची, १९९० मध्ये ९ टक्के. त्याच काळात रस्त्यावर मरणारी मुलं निम्म्यावर आली आणि सरकार खूश, की बघा रस्ते सुरक्षित झाले. हिलमनचं म्हणणं, रस्ते कुठे सुरक्षित झाले, गाड्या तर वाढल्यात, तुम्ही रस्त्यावरून मुलंच उचलून नेलीत. हॉलंडमध्ये नेमकं उलटं झालं. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात चारशेच्या वर मुलं गाड्यांखाली गेली, तेव्हा आईबाप रस्त्यावर बसले, रस्ते अडवले, मुलांचे खून थांबवा म्हणाले. गाड्यांचा वेग, गल्ल्यांची रचना, सायकलींचे रस्ते, हळूहळू सगळं बदलायला लागलं. आज तिथली पोरं एकटी सायकलवर शाळेत जातात आणि आपण इकडे त्यांचे फोटो बघून "फॉरेनमध्ये कसं छान असतं ना" म्हणतो. ते छान आपोआप झालेलं नाहीये, तिथल्या पालकांनी घाबरून योग्य माणसाची कॉलर धरली.

बरं, परदेश राहू दे. आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचे, आपल्या राज्याचे नियम काय सांगतात? पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी. कायद्याच्या मनात शाळा म्हणजे पायी जायची गोष्ट आहे. गावाकडे मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो. पाचवीतली पोरगी, म्हणजे माझ्या लेकीएवढी, दप्तर पाठीला लावून फाट्यावर उभी राहते, लाल डबा आला की गर्दीत चढते, कंडक्टरला पास दाखवते, उतरून परत चालत शाळेत. तिथे धोका नाही असं कोण म्हणेल? पण तिला सगळा फाटा ओळखतो, कंडक्टर ओळखतो, एखाद्या दिवशी दिसली नाही तर टपरीवाला विचारतो. आमच्या लेकीला सोसायटीबाहेर कोणी ओळखतच नाही, कारण ती चालत अशी फारशी कुठे गेलेलीच नाही, गाडीच्या मागच्या काचेतून तिने बाणेर रोड बघितलाय तेवढाच.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं. आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी साधारण याच वयाची आहे. शाळा सुटली की धाकट्या भावाला हाताला धरून, मेन रोड क्रॉस करून, आईकडे चावी घ्यायला येते. गेटवर तिच्यासाठी कुठलं अप्रूव्हल असतं? "कामवाल्या मावशीची आहे" म्हटलं की आत. तिला जाताना कोणी विचारत नाही की एकटी कशी जाणार. त्याच गेटवर आपला तेरा वर्षांचा घोडा बाबाच्या ओटीपीची वाट बघत उभा. हे दृश्य मी पाहिलंय आणि मला त्यातलं काय जास्त टोचलं ते अजून ठरवता येत नाहीये, त्या मुलीची कोणाला काळजी नाही हे, की आपल्या मुलावर कोणाचा भरवसा नाही हे.

ग्रुपवर एक वाक्य सारखं येतं, "काही झालं तर जबाबदार कोण?" मला वाटतं आपली खरी भीती इथे आहे. काही होण्याची शक्यता किती, हे कोणी बघत नाही, झालं तर लोक काय म्हणतील याने झोप उडते. आणि लोक काय म्हणतात हेही ठरलेलं आहे, "आईचं लक्ष कुठे होतं?" बाबाचं लक्ष कुठे होतं असं मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही. त्यामुळे आया घाबरतात, कमिटी घाबरते, गार्ड तर नोकरी जाईल म्हणून सगळ्यात जास्त घाबरतो, आणि प्रत्येक जण आपल्या डोक्यावरचं ओझं खाली ढकलत ढकलत शेवटी पोराच्या डोक्यावर आणून ठेवतो. मूल घरात बसून चार तास स्क्रीन बघतं, त्याला जबाबदार कोण, हे मात्र कोणी विचारत नाही, कारण ते हळूहळू होतं आणि त्याचा सीसीटीव्ही नसतो. २०२३ मध्ये जर्नल ऑफ पीडियाट्रिक्समध्ये पीटर ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला होता. त्यात मुलांमधल्या वाढत्या अँग्झायटी आणि डिप्रेशनचं एक मोठं कारण म्हणून त्यांनी हेच मांडलंय, की कित्येक दशकांपासून मुलांच्या हातातून स्वतःहून, मोठ्यांशिवाय काही करण्याची संधी कमी कमी होत गेली. अमेरिकेतला अभ्यास आहे, तो जसाच्या तसा इथे लावू नका, पण आपल्या ग्रुपवर चाइल्ड कौन्सेलरचा नंबर मागणारे मेसेज किती वाढलेत ते तुम्हीच स्क्रोल करून बघा.

आमच्या लहानपणीचं सगळंच भारी होतं असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही. तेव्हाही मुलं विहिरीत पडायची, तेव्हाही नको ते प्रकार घडायचे आणि दाबले जायचे. पण एक गोष्ट होती, घरातली बारीकसारीक कामं पोरांची असायची. "जा, पळ, कोथिंबीर आण, आणि त्याला म्हणावं कढीपत्ता टाक वरून." त्या एका फेरीत रस्ता, हिशोब, घासाघीस, सुटे नाहीत म्हणून दुकानदाराने हातात कोंबलेली दोन चॉकलेटं आणि घरी आल्यावर त्यावरून खाल्लेली बोलणी, एवढं सगळं असायचं. आता कोथिंबीर दहा मिनिटांत दारात येते. पैसे फोनमध्ये, फोन आईबाबांकडे. आमच्या लेकीला सहावीचं गणित जमतं पण पन्नासची नोट देऊन परत किती आले ते दुकानात उभं राहून मोजताना ती गडबडते, कारण मागे दोन माणसं उभी असतात आणि एक जण तिला ढकलून पुढे घुसतो. हा घुसणारा माणूस कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. "काका, माझा नंबर आहे" हे वाक्य तिने पहिल्यांदा म्हटलं त्या दिवशी घरी येऊन तीन वेळा सांगितलं मला, तेही ॲक्शनसकट.

खेळाचं तसंच. सातनंतर सोबत मोठं माणूस हवं म्हणता, पण मोठं माणूस आलं की खेळ त्याचा होतो. आऊट की नॉटआऊट आपण सांगतो, भांडण झालं की आपण दोन्ही आयांना फोन लावतो. पोरांच्या खेळात "कच्चा लिंबू" असतो आठवतंय का, चार वर्षांचं शेंबडं पोर, त्याला खेळात घ्यायचं पण त्याच्यावर राज्य नाही आणायचं. ही सोय कुठल्या कोचने केलेली नाही, पोरांनी पोरांसाठी केलीय. आपल्याकडे आता पाच ते सहा स्केटिंग, सहा ते सात फुटबॉल, वयाप्रमाणे बॅच, त्यात मोठ्या मुलाला लहान मुलाची सवयच राहिलेली नाही. मग लहान मुलं खाली नकोत, मोठी मुलं धक्के मारतात अशी तक्रार येते. येणारच.

मुलींचं वेगळं सांगायला हवं, कारण नियम कागदावर सगळ्यांना सारखा आहे आणि घरात तसा नसणार. मुलाला बाबा मीटिंगमध्ये असतानाही पटकन अप्रूव्ह करतील, मुलीला "कशाला जायचंय, कोणाबरोबर, मी आल्यावर जाऊ" होईल. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगी खाली दिसेनाशी होते, हे या सोसायटीत आत्ताच होतंय, पोडियमवर संध्याकाळी उभं राहून बघा मोठ्या मुली किती दिसतात. आणि मग अठरा पूर्ण झाली की त्याच मुलीला आपण कॉलेजसाठी बंगळुरूला पाठवणार, नाहीतर एमएससाठी थेट अमेरिकेला, डोळ्यांत पाणी आणून एअरपोर्टवर. मधली सहा वर्षं तिने प्रॅक्टिस कशाची केली? लोकेशन शेअर करायची.

आता माझ्या मागण्या, म्हणजे नुसती तक्रार केली असं व्हायला नको.

अप्रूव्हलचा नियम काढा, किंवा निदान ऐच्छिक करा. ज्यांना हवंय त्यांनी आपल्या मुलासाठी ते सेटिंग चालू ठेवावं, माझं काही म्हणणं नाही, प्रत्येक घराची आणि प्रत्येक मुलाची गोष्ट वेगळी असते. काही मुलं दहाव्या वर्षी तयार असतात, काही बाराव्या, काहींना कायम सोबत लागते आणि त्यांच्या आईबाबांना तर आपल्या मदतीची जास्त गरज आहे. पण माझ्या मुलीला कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात पाठवायचं की नाही हे मी आणि तिच्या बाबांनी ठरवायचं, कमिटीने नाही. गार्डने नाव आणि वेळ लिहून घेतली तर चालेल.

सायकलवरची बंदी उठवा आणि रॅम्पचं काम करा. आरसा, स्पीडब्रेकर, उतरणाऱ्या मुलांसाठी पिवळी पट्टी, डिलिव्हरीवाल्यांनी बाईक गेटपाशी लावायची. खर्च गेल्या गणपतीच्या डीजेपेक्षा कमी येईल. गेटपासून दुकानांपर्यंत फुटपाथ आहे तो पार्किंग आणि ठेल्यांमुळे मधेच संपतो आणि मुलांना रस्त्यावर उतरावं लागतं, त्यासाठी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, शेजारच्या दोन सोसायट्या सह्या द्यायला तयार आहेत, मी बोललेय. ठेलेवाल्यांना हाकलून लावा असं त्यात लिहू नका प्लीज. भाजीवाल्या मावशी आणि इस्त्रीवाले दिवसभर तिथे असतात, पोरं रस्त्याने जाताना त्यांच्यावर नजर ठेवणारी तीच माणसं आहेत, आपल्या चाळीस कॅमेऱ्यांपेक्षा जास्त उपयोगाची, रस्त्यावर एका बाजूला नीट जागा आखून द्या म्हणजे झालं.

आणि पालकांना एक विनंती. शनिवारी सकाळी दहा-बारा वर्षांच्या मुलांना दोघा-तिघांच्या गटाने एक काम देऊन बाहेर पाठवूया. दूध, वही, झेरॉक्स, काहीही. पहिल्या वेळी हवं तर लांबून बघा, पण झाडामागे लपून व्हिडिओ काढू नका. जाण्याआधी त्यांना अनोळखी माणसाशी बोलूच नको एवढंच सांगून पाठवू नका, अडचण आली तर कोणाशी बोलायचं ते सांगा. दुकानदार, बसचा कंडक्टर, सोबत लहान मूल असलेली बाई. आईचा नंबर पाठ करून घ्या, वॉचमध्ये सेव्ह आहे म्हणून सोडून देऊ नका. पैसे रोख द्या. आणि आल्यावर लगेच "काही झालं नाही ना?" असं विचारू नका, त्यातूनच त्यांना कळतं की काहीतरी व्हायला हवं होतं.

पुढच्या रविवारच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय "इतर विषय, वेळ मिळाल्यास" मध्ये न टाकता वेगळा घ्यावा. ज्या मुलांबद्दल बोलणार आहोत त्यातली तीन-चार मोठी मुलं बोलायला यायचं म्हणतायत, त्यांना दहा मिनिटं द्या. मुलांनी मीटिंगला बसू नये असा नियम मला तरी कुठे सापडला नाही, आणि सापडलाच तर ती आपल्या-आपल्या आईबाबांच्या ॲप अप्रूव्हलवर येतील.

कळावे,
बी विंगमधली एक आई

ता.क. रॅम्पच्या आरशाची दोन कोटेशनं काढून सेक्रेटरी साहेबांना मेल केलीत. एक जण स्टीलच्या फ्रेमसकट देतोय आणि बसवण्याचे वेगळे पैसे घेत नाहीये, त्याची किंमत महिनाअखेरपर्यंतच आहे.